आईच्या ओव्या रेकॉर्ड करायला दहा हजारांत कोणता माईक घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की आईला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, त्या तिच्याच आवाजात जपायच्या आहेत, मोबाइलवर दोनदा प्रयत्न केला तर मागे पंखा, जात्याची घरघर आणि सतत एक ‘सूंऽऽ’ येतंय, आणि आता दहा हजारांत कुठला कंडेन्सर, म्हणजे स्टुडिओत वापरतात तसला बारीकसारीक आवाज टिपणारा माईक, घ्यावा.

कंडेन्सर घेऊ नका. निदान पहिल्या फेरीत तरी नको. हजार-दीड हजाराचा वायरवाला कॉलर माईक घ्या आणि उरलेले पैसे सध्या खिशात ठेवा.

हे मी शहाणपणाने नाही, ठेच लागून सांगतोय. साताऱ्याकडच्या गावी आत्याच्या ओव्या घ्यायला मी मोठ्या तयारीने गेलो होतो. चांगला कंडेन्सर, ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), लॅपटॉप, स्टँड. आत्या जात्याशी बसली, मी स्टँड तिच्यापासून चार फुटांवर ठेवला, कारण जवळ ठेवला तर तिला अवघडल्यासारखं व्हायचं. घरी येऊन ऐकलं तर आत्या शेजारच्या खोलीत गातेय असं वाटत होतं आणि जातं मात्र माझ्या कानात फिरत होतं. माईक उत्तम होता. अंतर चुकलं होतं.

गणित सरळ आहे. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. चार फुटांवरून एक फुटावर आलात की 12 डेसिबल. खोलीतला गोंगाट तेवढाच राहतो. एवढी सुधारणा नुसता महागडा माईक आणून होत नाही. माईकच्या खोक्यावर ‘सेल्फ नॉइज’ नावाचा आकडा असतो, म्हणजे माईकची स्वतःची खरखर. रोडच्या एनटी1-ए चा तो 5 डेसिबल आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी2020 चा 20. कागदावर फरक मोठा दिसतो, पण रात्री सगळं बंद केलेल्या खोलीतही पंचवीस-तीस डेसिबल असतातच. म्हणजे खोली माईकपेक्षा जास्त बोलते. स्टुडिओत या आकड्याला किंमत आहे, तुमच्या ओसरीवर नाही.

‘मग डायनॅमिक (स्टेजवर गायक हातात धरतात तसला माईक) घ्या, तो आजूबाजूचं पकडत नाही’ असं कुणीतरी सांगेलच. हे अर्धं खरं आहे. शुअरचा एसएम58 गायकाच्या ओठांना जवळजवळ टेकलेला असतो म्हणून मागचं ऐकू येत नाही. त्यालाच चार फुटांवर ठेवा, तोही जातंच ऐकवेल. वर त्याचा सिग्नल इतका बारीक की स्वस्त इंटरफेसवर गेन, म्हणजे आत येणारा आवाज मोठा करायचं बटण, चढवत नेला की इंटरफेसचीच खरखर वर येते. आणि दळताना आई ओठांशी माईक धरणार कशी?

खरी अडचण हीच आहे. दळणारी बाई एका जागी स्थिर नसते. खुंटा पुढे जातो तशी ती झुकते, मागे येतो तशी सरकते, आणि स्टँडवरच्या माईकपासूनचं अंतर प्रत्येक फेऱ्याला बदलतं, म्हणून ओवी लाटेसारखी मोठी-बारीक होते. कॉलर माईक तिच्याबरोबर हलतो. हनुवटीखाली एक वीत, बस. बोयाचा बीवाय-एम1 बरेच जण वापरतात, त्याची वायर 6 मीटर असते, त्यामुळे तुम्ही दाराबाहेर बसलात तरी चालतं. त्याच्या डबीवर एक बटण आहे, मोबाइलसाठी एक बाजू, कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी दुसरी. ते उलट राहिलं की आवाज नीट येत नाही आणि लोक माईकला शिव्या घालतात. तुमच्या फोनला गोल जॅक नसेल तर कन्व्हर्टर लागेल. काही स्वस्त कन्व्हर्टर फक्त हेडफोनपुरते असतात, माईक घेत नाहीत. दुकानातच लावून, बोलून, ऐकून मगच पैसे द्या.

कॉलर माईकचे शत्रू वेगळे: पदर, मंगळसूत्र आणि बांगड्या. पदराच्या काठाला चिमटा लावलात तर प्रत्येक झोक्याला कापड माईकवर घासतं आणि ते नंतर कशानेही निघत नाही. पदर खोचून घ्या, माईक ब्लाउजच्या वरच्या काठाला लावा, खाली वायरचा एक छोटा वेढा करून तो कागदी चिकटपट्टीने धरा, म्हणजे ओढ माईकपर्यंत पोहोचत नाही. मंगळसूत्र आत सरकवता येतं. बांगड्यांबद्दल मी आत्याला भीत भीत विचारलं, तर ती म्हणाली, “काचेच्या राहू देत, गिलटाच्या काढते.” आता ऐकताना ती काचेची किणकिण मला आवडते. सगळाच ‘नॉइज’ काढायचा नसतो.

जात्याचं काय? जात्याखाली गोणपाटाची चौपदरी घडी घाला. घरघर हवेतून येते तशी जमिनीतूनही येते, आणि टेबलावर किंवा फरशीवर ठेवलेल्या फोनला वायरीतून धक्के बसतात. फोन उशीवर ठेवा. जातं रिकामं फिरवू नका, दगडावर दगड घासला की कर्कश आवाज येतो आणि दगडाला लावलेली टाकीही, म्हणजे त्यावरचे खाचेही, झिजतात. ज्वारी टाकली की आवाज मऊ होतो. मी दोन फेऱ्या करतो: एकदा दळता दळता, एकदा नुसतं बसून. मात्र नुसतं बसून आत्याला निम्म्या ओव्या आठवेनात. खुंटा हातात घेतला की आपोआप येत होत्या. त्यामुळे दळतानाचीच फेरी मुख्य माना.

पंखा बंद, फ्रिज तेवढा वेळ बंद, फोन एअरप्लेन मोडवर. फ्रिज परत सुरू करायचं विसरू नये म्हणून मी गाडीची किल्ली त्यात ठेवतो. लॅपटॉप वापरलात तर चार्जर काढा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, अर्थिंग धड नसलं की तोच ‘हूं’ रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. मोकळ्या भिंतींची खोली घुमते, तिथे दोरीवर दोन गोधड्या टाका. फेसबुकवर दिसणारे काळे फोमचे चौकोन घेऊ नका, गोधडी जास्त जाड असते. ओसरीवर वारा असेल तर माईकवर केसाळ टोपी चढवा, नुसता स्पंज वाऱ्याला पुरत नाही.

तो ‘सूं’ बहुतेक फोनमधल्या रेकॉर्डरचा आहे. आई श्वास घ्यायला थांबली की तो स्वतःच गेन वाढवतो आणि शांततेतला गोंगाट वर उचलतो. ऑटो गेन बंद करता येतो असं अ‍ॅप घ्या, वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि सर्वांत मोठा आवाज अ‍ॅपमधल्या पट्टीवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून वीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. नंतर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच तुकडा नमुना म्हणून देऊन खरखर थोडी उतरवता येते. थोडीच. जास्त ओढलं की माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं.

आणि हेडफोन लावून बसा. ही एक गोष्ट मी पहिल्या वेळी केली असती तर चार फुटांची चूक तिथेच कळली असती.

उरलेल्या पैशांचं पुढच्या महिन्यात बघू. एवढं करूनही खरखर राहिली, तर एक मिनिटाचा तुकडा टाका, ऐकून सांगतो.