दुसरे मूत्रपिंड काहींनाच लवकर का मिळते?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला आईने दिलेले मूत्रपिंड नऊ वर्षे चालले; आता ती पुन्हा डायलिसिसवर आहे. तिला दोन मुले आहेत. मेहुणे मूत्रपिंड द्यायला तयार आहेत, रक्तगटही जुळतो, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आल्याने डॉक्टरांनी नकार दिला. तिच्याच डायलिसिस केंद्रातील एका गृहस्थांचे दुसरे प्रत्यारोपण मात्र पत्नीच्या मूत्रपिंडावर वर्षभरात झाले. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांना दुसरे प्रत्यारोपण कमी मिळते, असे वाचले होते. आपल्याकडेही असा भेदभाव होतो का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : आपल्या बहिणीला कोणी मुद्दाम मागे ठेवलेले नाही, तरीही तिच्या वाट्याला आलेली स्थिती न्याय्य आहे, असे मी म्हणणार नाही. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येणे म्हणजे दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी रुग्णाच्या रक्तात आधीच तयार असणे. त्या प्रामुख्याने तीन कारणांनी तयार होतात : आधीचे प्रत्यारोपण, रक्त चढवणे आणि गर्भारपण. यांतले तिसरे कारण त्या गृहस्थांना लागूच नव्हते. बाळाच्या पेशींवरची निम्मी ओळखचिन्हे वडिलांकडून आलेली असतात आणि आईचे शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकते. त्यामुळे पतीचे मूत्रपिंड पत्नीला चालत नाही आणि पुढे मुलांचेही अडते, असे अनेकदा घडते. त्यात आपल्या देशात मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. ज्या घरात आईने एकदा दिले आणि पतीचे जुळत नाही, तिथे बाईसाठी दाता उरतो कुठे?

रक्त चढवण्याचा संबंध थेट पैशाशी येतो. डायलिसिसवर हिमोग्लोबिन घसरते. ज्यांना एरिथ्रोपोएटिनची (हिमोग्लोबिन वाढवणारी) इंजेक्शने नियमित परवडतात, त्यांचे बहुधा रक्ताविना निभावते. ज्यांच्या इंजेक्शनांत खंड पडतो, त्यांना रक्ताची पिशवी लावावी लागते. त्या वेळी ती गरजेचीच असते, पण तिच्यामुळे अँटिबॉडी वाढल्या तर पुढच्या प्रत्यारोपणाची शक्यता कमी होते, आणि हे रुग्णाला त्या वेळी कोणी समजावून सांगतेच असे नाही.

अमेरिकेबद्दल आपण वाचले ते खरे आहे. त्यामागे अनेक कारणे आहेत, पण एक आपणही लक्षात घ्यावे असे आहे. तिथे केवळ मूत्रपिंडविकारामुळे सरकारी मेडिकेअर विमा मिळालेल्यांना शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या गोळ्या ३६ महिनेच मिळत. त्यानंतर ज्यांच्याकडे दुसरा विमा नसे (कृष्णवर्णीयांत असे अधिक), त्यांतील काहींच्या गोळ्या सुटत आणि मूत्रपिंड निकामी होई. २०२०च्या अखेरीस कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२३पासून ती मर्यादा उठली. आपल्याकडे टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट या अशाच गोळ्यांचा खर्च बहुतेक कुटुंबे पहिल्या महिन्यापासून पदरमोड करून भागवतात. गोळी चुकली की अँटिबॉडी वाढतात, म्हणजे पहिले मूत्रपिंड जाते आणि दुसरे मिळणेही अवघड होते.

मुंबईत मेंदूमृत दात्यांच्या अवयवांसाठीची यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळते. राष्ट्रीय निकषांत डायलिसिसवरील महिन्यांना गुण आहेत, अँटिबॉडींचे प्रमाण जास्त असणाऱ्यांना वाढीव गुण आहेत, आणि स्त्री रुग्णांना अधिक गुण द्यावेत अशी सूचना राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने (नोटो) ऑगस्ट २०२५मध्ये केली आहे. हे योग्यच आहे. परंतु अँटिबॉडींची पातळी ९० टक्के असेल, तर दहा दात्यांपैकी नऊ जणांचे मूत्रपिंड गुण कितीही असले तरी चालत नाही, आणि मुंबईत मेंदूमृत दाते वर्षाला शंभराच्या आतच मिळतात. म्हणून केवळ यादीवर विसंबू नका. अँटिबॉडी नेमक्या कशाविरुद्ध आहेत हे सांगणारी सिंगल अँटिजेन तपासणी करून घ्या. मेहुण्यांचे मूत्रपिंड दुसऱ्या कुटुंबातील रुग्णाला आणि त्या कुटुंबातील दात्याचे बहिणीला, अशी अदलाबदल २०११च्या कायदादुरुस्तीपासून मान्य आहे. तिच्यासाठी आजच नाव नोंदवा. प्लाझ्माफेरेसिस (यंत्राद्वारे रक्तातून अँटिबॉडी काढणे) आणि इंजेक्शनांनी अँटिबॉडी कमी करण्याचा उपचारही आहे, पण त्याचा खर्च लाखांत जातो आणि यशाची खात्री नसते. माझ्या मते आधी अदलाबदलीचा मार्ग पूर्ण धुंडाळावा.

प्रश्न : निकामी झालेले पहिले मूत्रपिंड काढून टाकले, तर दुसरे मिळणे सोपे होते का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : सहसा होत नाही. ते काढल्यावर अँटिबॉडी बरेचदा वाढतात. ताप, वेदना, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग अशी ठोस कारणे असतील, तरच डॉक्टर ते काढतात. गोळ्या एकदम बंद करणेही तितकेच घातक ठरू शकते. म्हणून ‘दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार आहे’ हे नेफ्रॉलॉजिस्टना आधीच सांगा आणि टॅक्रोलिमस किती व कधी कमी करायचे हे त्यांच्याकडून लिहून घ्या. मधल्या काळात रक्त चढवावेच लागले, तर पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त मागा आणि दोन-तीन आठवड्यांनी अँटिबॉडींची तपासणी पुन्हा करा, कारण रक्त चढवण्यापूर्वीच्या अहवालावर त्यानंतर विसंबता येत नाही.