आभाराच्या वहीत रोज तेच काय लिहायचे?

प्रश्न : माझे वय 47 आहे. 14 महिन्यांपूर्वी माझ्या पतीला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वाचा आणि स्मरण मात्र शाबूत राहिले. त्यांच्याजवळ सतत कोणीतरी लागते, म्हणून मी नोकरी सोडली. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ असे म्हणतो आणि मीही मान डोलावते. एका मैत्रिणीने सुचवले म्हणून रोज रात्री आभाराची वही लिहायला घेतली. पहिल्या रात्री पाच गोष्टी सहज सुचल्या. पुढे त्याच पाच ओळी खाली उतरवत गेले. नवव्या रात्री लिहिता लिहिता रडू कोसळले आणि वही कपाटात ठेवून दिली. माझ्याइतकेही ज्यांच्याजवळ नाही अशी माणसे समाधानाने जगतात. मग मीच कृतघ्न आहे का?

उत्तर : कृतघ्न हा शब्द तुम्ही स्वतःला लावून घेतला आहे, म्हणून त्याच शब्दापासून सुरुवात करते. कृत म्हणजे केलेले. ते जो जाणतो तो कृतज्ञ आणि ते जो पुसून टाकतो तो कृतघ्न. या दोन्ही शब्दांत आनंदाचा उल्लेख कोठेही नाही. आपल्यासाठी काय केले गेले आणि ते कोणी केले, एवढे ठाऊक असले की माणूस कृतज्ञ ठरतो, मग त्या वेळी त्याचे डोळे कोरडे असोत की ओले. तुमचे पत्र पाच पानांचे होते. जागेअभावी त्यातला थोडाच भाग वर दिला आहे. त्या पाच पानांत शेजारच्या मुलीपासून फिजिओथेरपिस्टपर्यंत सात माणसांनी कोणत्या दिवशी काय केले, हे तुम्ही तपशिलाने लिहिले आहे. कृतघ्न माणसाला एवढे आठवत नाही.

आता ‘माझ्याइतकेही ज्यांच्याजवळ नाही’ या वाक्याकडे वळू. आपल्याहून अधिक दुःखी माणूस शोधून त्याच्याकडे पाहत स्वतःचे समाधान करून घ्यावे, हा सल्ला फार जुना आहे आणि तो देणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. मला मात्र तो कधीच पटलेला नाही. एक तर त्यात दुसऱ्याच्या दुःखाचा आपण औषधासारखा वापर करतो. दुसरे म्हणजे, त्यातून सुटका मिळण्याऐवजी अपराधीपणाच पदरी पडतो, कारण दुःख तर होतेच आणि वर ते होऊ नये असेही वाटू लागते. तुमचे सध्या नेमके हेच झाले आहे. पतीचा जीव वाचला हे खरे आणि तुमचे पूर्वीचे आयुष्य हातातून गेले हेही खरे. हिशोबाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. नावे बाजूची रक्कम खोडल्याने जमेची बाजू वाढत नाही, फक्त हिशोब खोटा होतो. नवव्या रात्री तुम्हाला रडू आले ते याच खोटेपणाचे होते, असे मला वाटते. ज्या वहीत गेलेल्या गोष्टींना एक ओळही मिळत नाही, ती लिहिताना कोणाचाही जीव गुदमरेल.

राहिला प्रश्न पद्धतीचा. आभाराच्या वहीचा आज जो प्रसार झाला आहे, त्याचे मूळ बरेचसे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे लेखन केले. दुसऱ्या एका प्रयोगात स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या रुग्णांनी 21 दिवस रोज लिहिले. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्या रुग्णांचे मन तुलनेने प्रसन्न राहिले आणि झोपही सुधारली. म्हणजे ही कल्पना केवळ सुखवस्तू माणसांचा छंद नाही. पण सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा जो प्रयोग केला, त्यात आठवड्यातून एकदाच लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. तीच गोष्ट वारंवार उगाळली की तिचा वास जातो, एवढाच मी त्याचा अर्थ लावते. तुम्ही तर रोज लिहीत होता, तेही दिवसभराच्या शुश्रूषेने अंग मोडून आल्यावर. ओळी त्याच त्या आल्या यात तुमचा काही दोष नाही.

वही पुन्हा काढायचीच असेल तर आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि पाचऐवजी एकच गोष्ट लिहा, पण ती अर्ध्या पानाची होऊ द्या. ‘पतीची तब्येत’ अशी ओळ लिहू नका, कारण ते नुसते शीर्षक आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही असे लिहिले आहे की गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतः सदऱ्याची बटणे लावली, त्याला वीस मिनिटे लागली, सगळी बटणे एक घर चुकून लागली आणि ते पाहून तुम्ही दोघेही हसलात. वहीत हे यायला हवे होते. कोणत्या हाताने कापड धरले होते, तुम्ही मदतीला पुढे केलेला हात मागे कसा घेतला, आधी कोण हसले, हे सारे लिहा. ते लिहिताना त्याच दिवशीचा त्रासही कागदावर येईल. तो येऊ द्या.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मी रुग्णालयात तिच्याजवळ राहत असे. रात्रपाळीला एक मदतनीस बाई येत. दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवले की त्या तिच्या पाठीखालची चादर दोन्ही बाजूंनी ताणून घेत आणि तळहात फिरवून एखादी सुरकुती राहिली आहे का, हे पाहत. चादरीची सुरकुती कातडीत रुतते आणि झिजलेल्या अंगाला तेवढ्यानेही जखम होते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आई गेली. त्या दिवसांविषयी मला ‘छान’ वाटावे असे काहीच नाही. तरी तो फिरणारा तळहात मला आजही स्पष्ट दिसतो, आणि तो दिसला की त्या रात्री मी एकटी नव्हते, हेही आठवते. माझ्या जमेच्या बाजूला ही एक नोंद आहे. तिने नावे बाजूचे काही भरून निघाले नाही.

ज्या दिवशी काहीच सुचणार नाही, त्या दिवशी उलट बाजूने विचार करून पाहा. मिन्कयुंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही लोकांना आपला जोडीदार कसा भेटला हे लिहायला सांगितले आणि काहींना तो कदाचित भेटलाच नसता तर कसे, हे लिहायला सांगितले. दुसऱ्या गटाला आपल्या नात्याविषयी अधिक समाधान वाटले. हाताशी असलेली गोष्ट सवयीने दिसेनाशी होते आणि ती नसती अशी कल्पना केली की पुन्हा नजरेस पडते. मात्र दुःख ताजे असताना हा खेळ खेळू नका. त्यातून धास्तीच वाढेल.

या साऱ्याला मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. आभाराच्या अशा उपायांवरील 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर त्यांचा परिणाम अगदी थोडा होतो आणि तेवढ्यासाठी अधिक परिणामकारक उपचार घ्यावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीने झोप, भूक किंवा एकाग्रता बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा.

आणखी एक. पाच पानांत ‘मी झोपले’ हे वाक्य मला एकदाही सापडले नाही. तुम्ही नावे घेतलेल्या सात जणांपैकी दोघांना आठवड्यातून ठरलेल्या वारी चार तास पतीजवळ बसण्याची विनंती करा. थकलेल्या शरीराकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : मी 38 वर्षांचा आहे. सात महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. तेव्हापासून माझा धाकटा भाऊ घराच्या कर्जाचे हप्ते भरतो. त्याने ते एकदाही बोलून दाखवलेले नाही, तरीही त्याचा फोन आला की मला तो उचलावासा वाटत नाही. त्याचे उपकार मानायला हवेत हे कळते, पण मनात येतो तो संकोच आणि थोडा रागही. हे असे का होते?

उत्तर : तुम्हाला जे जाणवते आहे त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : मिंधेपणा. कृतज्ञता आणि मिंधेपणा बाहेरून सारखे दिसतात, पण कृतज्ञ माणूस देणाऱ्याच्या जवळ सरकतो आणि मिंधा माणूस त्याची नजर चुकवतो. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की देणारा परतफेडीची जितकी अपेक्षा ठेवील, तितकी घेणाऱ्याच्या मनातली ओझ्याची भावना वाढते आणि कृतज्ञता मात्र घटते. तुमच्या भावाने अपेक्षा बोलून दाखवलेली नाही. पण तो काही बोलत नाही म्हणूनच ती किती असेल याचा अंदाज तुम्ही मनातल्या मनात बांधत राहता, आणि असा अंदाज नेहमी चढाच निघतो. त्यातच तुम्ही थोरले. आजवर द्यायची सवय असलेला हात घेण्यासाठी पुढे करणे अवघड असते, हे मला समजते.

म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करा. भावाने आजवर किती हप्ते भरले, एकूण रक्कम किती झाली आणि नोकरी लागल्यावर ती तुम्ही कशी फेडणार, हे एका कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा. तो ‘याची काही गरज नाही’ असे म्हणेल, तरी ठेवा. पैशांचे ऋण आकड्यांत मांडले की त्याला शेवट दिसू लागतो. त्यानंतर जे उरते, म्हणजे त्याने न मागता पुढे येणे आणि चारचौघांत त्याचा उच्चारही न करणे, ते फेडायचे नसते, सांगायचे असते. तोंडाने जमत नसेल तर दहा ओळींचे पत्र लिहा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आभाराची पत्रे लिहिणाऱ्यांना आधीच विचारले होते की वाचणाऱ्याला काय वाटेल. वाचणाऱ्यांना किती अवघडल्यासारखे होईल याचा त्यांनी बांधलेला अंदाज फार चढा निघाला, आणि किती आनंद होईल याचा अंदाज कमी. तुम्हाला भाषा चांगली साधणार नाही अशी भीती वाटत असेल, तर त्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : लिहिणारे शब्द नीट सापडतील ना या काळजीत होते आणि वाचणाऱ्यांचे लक्ष पत्रातल्या जिव्हाळ्याकडे होते.

रागाबद्दल एवढेच सांगते की तो बहुधा भावावरचा नसून तुमच्या परिस्थितीवरचा आहे. पत्रात त्याचाही एका वाक्यात उल्लेख केलात तरी चालेल. भाऊ तो ओळखून असेल.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे बाळ जन्मानंतर काही दिवसांतच दगावले. घरी मोठी मुलगी आहे. ‘जी आहे तिच्याकडे पाहून देवाचे आभार मान’ असे मी तिला सांगावे का?

उत्तर : नाही. आभार मानावेत असे तिला कधी वाटले तर ते तिच्या मनातून येईल. बाहेरून सांगितले की ते ‘आता पुरे झाले’ असे ऐकू येते. तिच्याकडे जा. बाळाचे नाव ठेवले होते का, हे विचारा आणि ठेवले असेल तर बोलताना ते नाव घ्या. निघताना मोठीला दोन तास आपल्याबरोबर बाहेर घेऊन जा.