सातवीला आम्ल-आम्लारी शिकवताना

लिटमसच्या (आम्ल-आम्लारी रंगावरून ओळखायच्या कागदाच्या) आधी जास्वंद घ्या. गोव्यात ती घराघरांपुढे असतेच. लाल जास्वंदीच्या 5-6 पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवून गाळा. लिंबाच्या रसाने अर्क गडद गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीने हिरवा. निवळी तुम्हीच ओता, डोळ्यांना इजा करते. नमुना म्हणून कोकमाचं आगळ (खारवलेला रस) नको, त्याचाच लाल रंग बदल झाकतो.

खरी गफलत हळदीच्या कागदावर होते. आम्लातही तो पिवळाच राहतो आणि मुलं सरळ ‘उदासीन’ (ना आम्ल, ना आम्लारी) लिहून मोकळी होतात. इथे घाई करू नका. साबणाच्या पाण्याने लालसर झालेल्या डागावर त्यांनाच लिंबू पिळू द्या. डाग पुन्हा पिवळा होताना दिसला, की उदासिनीकरण (आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा परिणाम घालवतात ते) फळ्यावर मांडायला घ्या.