राइडिंग मोअर तापून बंद पडतोय? आधी गवत काढ

अरे, इंजिन बदलायची घाई करू नकोस. राइडिंग मोअरचं, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनचं, इंजिन बहुतेक वेळा हवेवर गार होतं, रेडिएटर नसतो. थंड झालं की प्लगची वायर काढ आणि फ्लायव्हीलवरचं (इंजिनच्या जड फिरत्या चाकावरचं) पत्र्याचं झाकण उघड. माझ्या मशीनमध्ये सिलिंडरच्या फिन्समध्ये (गार होण्यासाठीच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) वाळकं गवत तेलात भिजून थापलं होतं, शेजारी उंदराचं घरटं! लाकडी काडीने उकर, ब्रश मार. झाकण परत लावल्याशिवाय मात्र चालवू नकोस, वारा त्यामुळेच फिन्सवर जातो. ऑइलही बघ.

तरी बंद पडलं, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूच सैल कर. फुस्स आवाज होऊन मशीन चालू झालं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर गरम असतानाच प्लगची ठिणगी तपास. ती गायब असेल तर ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलवर संशय घे.