पुन्हा भूल घ्यायची, पण जीव परत येईल ना?

"भूल दिली तेव्हा मी वरनं स्वतःलाच बघत होते. आता परत ऑपरेशन आहे. जीव परत आलाच नाही तर?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं हा प्रश्न माझ्याकडे आणतात, तेही घरच्यांना बाहेर बसवून, हळू आवाजात.

खानापूर भागातल्या एका मावशींचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. भाताच्या मळणीत त्यांचा हात मशीनमध्ये सापडला. जखम साफ करताना थोड्या वेळाची भूल दिली होती. "पंख्यापाशी होते ओ मॅडम मी. खाली मीच पडलेली. सिस्टर कन्नडात काय बोलली तेबी ऐकलं." सिस्टरचं ते बोलणं खरं निघालं आणि गावभर झालं. भजनी मंडळातल्या बायका पाया पडू लागल्या, वर काय दिसलं विचारू लागल्या. मावशींनी मात्र संध्याकाळचा हरिपाठ सोडला होता. डोळे मिटले की आपण पुन्हा वर जाऊ, ही धास्ती. त्यापायी कातडी लावायचं ऑपरेशनही त्या पुढे ढकलत होत्या आणि जखम चिघळत होती. मला खरी काळजी त्या जखमेची होती.

केसपेपरवर केटामीन लिहिलेलं होतं. अमेरिकेत १९७० मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध छोट्या शस्त्रक्रियांना आजही वापरतात. त्यात श्वास बहुधा आपला आपण चालू राहतो, डोळे उघडे राहू शकतात, कानावर पडलेलं लक्षात राहू शकतं. पण मन आणि अंगाची जाणीव यांच्यातला धागा तुटतो. शुद्धीवर येताना शंभरात बाराएक जणांना भास किंवा विचित्र स्वप्नं पडतात. २००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी फेफऱ्याच्या एका रुग्णाच्या मेंदूत, उजव्या कानाच्या मागे-वरच्या बाजूला, सौम्य वीज दिली. ती बाई पूर्ण जागी असताना म्हणाली, मी वरून मलाच पलंगावर पडलेली बघतेय. आपण आपल्या अंगात आहोत, हेही मेंदू सतत जुळवत असतो.

"मग आत्मा नाहीच काय?" मावशींच्या मुलानं विचारलं. त्याचा निकाल मी देणार नाही, आणि तो सुईनं लागतही नाही. मावशींना मी एवढंच म्हणाले, तुम्हाला दिसलं ते दिसलं. पण औषधानं आलेला अनुभव साधनेची पावती नाही, आणि नामात खोट होती म्हणून मिळालेली शिक्षा तर अजिबात नाही. पाया पडणाऱ्या बायकांनाही हेच सांगा.

हरिपाठ आम्ही उघड्या डोळ्यांनी सुरू केला. हाताला पट्टी, टाळ धरता येईना. म्हणून उभं राहून, पावलांनी ठेका धरत, मोठ्यानं. तळवे जमिनीला टेकलेले असले की धास्ती कमी होते, हे त्यांना पहिल्याच बैठकीत जाणवलं.

भूलतज्ज्ञांना त्यांनी जुना कागद दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी फक्त हात बधिर करायचं ठरवलं. मांडीची कातडी काढायची तिथेही स्थानिक भूल. मावशी ऑपरेशनभर जाग्या होत्या, ओठांत नाम चालू होतं.

तुमच्याही बाबतीत असं झालं असेल तर लाजू नका, भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. पर्यायी औषधं असतात, भास कमी करणारी औषधंही सोबत देता येतात. आणि कोणतंही औषध न घेता असं वरचेवर होत असेल, सोबत शुद्ध हरपत असेल किंवा झटके येत असतील, तर माझ्याआधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जा.