यीस्टमध्ये मेयोसिसच्या वेळी (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारी, लागोपाठची दोन विभाजनं) क्रॉसओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, झाले नाहीत तर काय बिघडतं? फक्त विविधता कमी होते ना?

नाही. स्पोर, म्हणजे मेयोसिसमधून बनणाऱ्या चार पेशी, मरतात. ‘फक्त विविधता’ हे इतक्या वेळा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी एमएसएच४ हे जनुक काढलेल्या यीस्टच्या स्ट्रेनवर (वाणावर) काम करत होते. त्यात क्रॉसओव्हर थांबत नाहीत, पण बरेच कमी होतात. पेशी पोटॅशियम ॲसिटेटमध्ये उपाशी ठेवायच्या, एन्झाइमने चार स्पोर असलेल्या पिशवीची भिंत सैल करायची, मग मायक्रोस्कोपखाली काचेच्या सुईने चारही स्पोर एकेक करून ओळीत मांडायचे. दोन दिवसांनी बघावं तर निम्म्या जागा रिकाम्या. गाईड म्हणाले, "तुझा हात कच्चा आहे, सुई लागून मरतायत." पुढचे सहा महिने मी तेच डिसेक्शन करत राहिले.

उत्तर त्याच प्लेटवर होतं. सुईने मेले असते तर तीन जिवंत, एक जिवंत अशा ओळी भरपूर दिसल्या असत्या. माझ्याकडे बहुतेक ओळी चार, दोन नाहीतर शून्य! पहिल्या विभाजनात जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकाच टोकाला गेली की तिकडच्या दोन स्पोरांना एक जास्तीचं मिळतं, ते तगतात. उरलेल्या दोघांना ते मिळतच नाही. दोन जोड्या उलटसुलट बाजूंना चुकल्या की चारही जातात.

क्रॉसओव्हर ही गाठ आहे. स्पो११ हे प्रथिन डीएनएला दीडशे-दोनशे ठिकाणी तोडतं, त्यातून साधारण ९० क्रॉसओव्हर होतात आणि १६ही जोड्यांच्या वाट्याला सहसा निदान एक येतो. ही गाठ आणि तिच्यापलीकडचं कोहेसिन (गुणसूत्राच्या दोन प्रती एकत्र बांधणारं प्रथिन) जोडीला धरून ठेवतं, म्हणून दोन्ही टोकांकडून ओढल्यावर ताण येतो. ताण नसेल तर पेशीला जोडणी बरोबर आहे की नाही ते कळणार कसं? मग सेपरेज नावाचं एन्झाइम गुणसूत्राच्या बाहूंवरचं कोहेसिन कापतं. सेंट्रोमिअरजवळचं (गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं त्या जागेजवळचं) कोहेसिन मात्र शुगोशिन हे प्रथिन राखून ठेवतं, ते दुसऱ्या विभाजनात लागतं.

तुम्ही टेट्रॅड (एका पिशवीतले चार स्पोर) वेगळे करत असाल तर नुसती टक्केवारी लिहू नका, प्रत्येक ओळ लिहा. सरासरीत सगळं बुडतं.

हे बेकरी यीस्टबद्दल झालं. नर फळमाशीत क्रॉसओव्हर होतच नाहीत, तरी तिचं नीट चालतं. आणि स्पो११च नसेल तर जवळजवळ सगळेच स्पोर मरतात, तिथे हा नमुना शोधू नका.

शेजारच्याच प्लेटवर, त्याच दिवशी, त्याच सुईने मांडलेले वाइल्ड टाइपचे (जनुक न काढलेल्या यीस्टचे) स्पोर जवळपास सगळे उगवले होते. ती प्लेट मी पहिल्याच आठवड्यात गाईडच्या टेबलावर ठेवली होती.