नकोसे कॉल रोखण्यासाठी फोनमधील कॉल स्क्रीनिंग सुरू ठेवावे का? त्यामुळे महत्त्वाचा फोन चुकतो का?

आपण लिहिले आहे की दिवसाला दहा-बारा कॉल कर्जाचे आणि प्लॉटचे येतात, त्यामुळे फोनमधील कॉल स्क्रीनिंग सुरू करण्याचा विचार आहे, पण कामाचा फोन चुकण्याची धास्ती वाटते. या धास्तीपुरते उत्तर आधी देतो. फोन चुकतो. माझा चुकला आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

मी नागपूरला मानेवाडा भागात राहतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असून काटोलच्या पुढे वडिलोपार्जित चार एकर संत्र्याची बाग सांभाळतो. गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आला होता. मिहानजवळच्या आणि समृद्धी महामार्गालगतच्या प्लॉटांसाठी मला येणारे फोन दोन दिवस ऐकल्यावर त्याने माझा आयफोन हातात घेतला. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ सोबत ही सोय आणली आहे. अनोळखी क्रमांकांसाठी तिथे तीन पर्याय मिळतात: काहीही न करणे, फोन करण्याचे कारण विचारणे, किंवा आवाज बंद करून कॉल परस्पर बाजूला टाकणे. मुलाने मधला पर्याय निवडला. त्यानंतर जतन न केलेल्या क्रमांकावरून फोन आला की आधी यंत्र बोलते, नाव आणि काम विचारते, आणि समोरच्याने उत्तर दिले तरच घंटी वाजून ते उत्तर पडद्यावर लिहून येते. पहिले पंधरा दिवस मी अतिशय समाधानी होतो, हे मान्य केले पाहिजे. कर्ज विकणारे यंत्राशी बोलत नाहीत, लगेच फोन ठेवतात.

नोव्हेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा, म्हणजे फळांची काढणी, होती. व्यापाऱ्याशी सौदा टनावर झाला होता, इसार घेतला होता, आणि तोडा व काटा दोन्ही माझ्यासमोर होतील असे स्पष्ट ठरले होते. ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच, न कळवता, व्यापाऱ्याची माणसे गाडी घेऊन बागेत उतरली. आमच्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बागेत राबणाऱ्या गड्याच्या, फोनचा रिचार्ज आदल्या रात्री संपला होता, म्हणून त्याने तोड्याला आलेल्या एका मजुराचा फोन मागून घेतला आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास मला लावला. पलीकडून बाईच्या आवाजात इंग्रजी ऐकू आल्यावर त्याला वाटले की क्रमांकच चुकला. त्याने फोन ठेवला आणि पुन्हा लावला. असे तीनदा झाले. या तीन वेळा माझ्या फोनची घंटीही वाजली नाही.

चौथ्या वेळी तो बोलला. नंतर त्याने मला जसेच्या तसे सांगितले ते असे: "सायेब, गाडी भरून रायली, लवकर या." आता फोन वाजला आणि मी पडद्याकडे पाहिले. यंत्राला इंग्रजीच कळत होते, त्यामुळे वऱ्हाडी वाक्याचे त्याने इंग्रजी शब्द करून ठेवले होते. त्यातले 'गॉडी', 'रॉयल' आणि 'लव्हर' हे तीन शब्द मला आजही आठवतात. मला वाटले, हा कोणीतरी भलताच माणूस आहे. मी स्वतःच्या बोटाने फोन कापला आणि चहा घेतला.

साडेनऊला कळले असते तर मी अकरा-सव्वाअकराला बागेत असतो. गाडी दुपारी दोनला निघाली. सालदाराने शहाणपणाने कॅरेट मोजले होते, ते ५४० भरले. एका कॅरेटला वीस किलो धरले तरी माल दहा टन आठ क्विंटल होतो, आणि व्यापाऱ्याने संध्याकाळी दाखवलेली काट्याची पावती आठ टन सहा क्विंटलची होती. बावीस क्विंटलचा फरक, अठ्ठावीस हजार रुपये टनाच्या भावाने एकसष्ट हजार सहाशे रुपये. पंचांना मध्ये घालून त्यातले निम्मे हाती आले. पैशापेक्षा मला सालदाराचा प्रश्न जास्त लागला. "मी चारदा लावला, तुमी उचलला नाही?" असे त्याने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

मुलाचे म्हणणे आजही असे आहे की चूक सोयीची नसून माझी आहे: कामाच्या माणसांचे क्रमांक जतन करून ठेवावेत, आणि ज्याला खरोखर गरज आहे तो मेसेज करतोच. सालदाराचा क्रमांक जतन केलेलाच होता. पण गरजेच्या वेळी माणूस ज्याच्या हाती सापडेल त्याच्या फोनवरून बोलतो. बॅटरी संपते, रिचार्ज संपतो, अपघातात फोन फुटतो, आणि दवाखान्यातून नातेवाइकांना कळवले जाते ते ०७१२ ने सुरू होणाऱ्या टेबलावरच्या फोनवरून. मेसेजचे म्हणाल तर आमचा सालदार अंगठा लावणारा माणूस आहे. ज्याला इंग्रजी येते आणि यंत्रापुढे दोन वाक्यांत स्वतःची ओळख पटवता येते, त्याच्यासाठी हे दार उघडते. नाही येत तो बाहेर राहतो. ज्यांना हाकलायचे म्हणून ही सोय केली त्या विक्रेत्यांचे यात फारसे बिघडत नाही, ते पुढचा क्रमांक फिरवतात.

आमच्या पिढीने पी.पी. नंबरवर, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर, दिवस काढले आहेत. १९९४ साली माझे वडील गेले तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो आणि तो निरोप शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. दुकानदाराने फोन करणाऱ्याला कारण विचारले नाही, तो गिऱ्हाईक सोडून मला बोलवायला धावत आला. मुलाला हे सांगितले की तो म्हणतो, तेव्हा स्पॅम नव्हता. खरे आहे. पण स्पॅमचा बंदोबस्त करण्याचे काम फोन करणाऱ्या गरजू माणसाच्या माथी का मारायचे, याचे उत्तर त्याने अजून दिलेले नाही.

बंदोबस्ताचे इतर मार्ग आधी वापरावेत, असे माझे ठाम मत आहे. १९०९ वर START 0 असा इंग्रजी एसएमएस पाठवला की नोंदणीकृत कंपन्यांचे जाहिरातीचे कॉल बंद होतात. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० आणि बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० अशा क्रमांक-मालिका ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे १४० ने सुरू होणारा फोन न उचलण्यात काही गमवावे लागत नाही. साध्या दहा अंकी क्रमांकावरून त्रास देणाऱ्यांविरुद्ध १९०९ वरच तक्रार करता येते. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलून त्यासाठीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होईल अशी तरतूद केली. मी डिसेंबरपासून प्रत्येक कॉलची तक्रार नोंदवतो. पूर्वी दिवसाला दहा-बारा येत होते, आता तीन-चार येतात. पोलीस किंवा बँक असल्याची बतावणी करणारा फोन असेल तर सरकारच्या संचारसाथी संकेतस्थळावरील 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीत कळवावे, आणि पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. माझ्या मेहुणी धरमपेठेत एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरच अटकेची भीती घालण्याच्या, नावाखाली तासभर फोनवर धरून ठेवले गेले होते आणि शेजारीण योगायोगाने आली म्हणून पैसे वाचले. त्यांच्या फोनवर हीच सोय मी स्वतः बसवून दिली आहे आणि ती काढू देणार नाही. त्यांना फोन करणारी माणसे वीस-पंचवीस, सगळी जतन केलेली. घाबरवून लुटणाऱ्याला यंत्र मध्ये आलेले परवडत नाही.

तेव्हा आपला व्यवसाय काय, घरी कोणी आजारी आहे का, शेती आहे का, हे आपण लिहिलेले नाही, आणि निर्णय त्यावरच ठरतो. सुरू करणार असाल तर अनोळखी कॉल गप्प करणारा पर्याय घेऊ नका, कारण विचारणाराच घ्या, आणि रोज रात्री चुकलेल्या कॉलची यादी पाहा. एकाच क्रमांकावरून अर्ध्या तासात दोनदा कॉल दिसला तर उलट फोन करा. त्याआधी एक करून पाहा. घरी काम करणाऱ्या बाईंना किंवा दूधवाल्याला त्यांच्या बोलीत, जतन न केलेल्या फोनवरून आपल्याला कॉल करायला सांगा आणि आपल्या पडद्यावर काय उमटते ते वाचा.